आईच्या पाटल्या आणि तुमचा सिनेमा

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. इतके दिवस रडत होते, आज मात्र रागावून लिहितेय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे!

विद्यानगरच्या घरी दर पाडव्याला तुम्ही आम्हा तिघा भावंडांना तो जुना काळा-पांढरा सिनेमा दाखवायचात. डोंगरात सोनं शोधायला गेलेले तिघे दोस्त, आणि सोनं हाती लागताच एकमेकांवरून उडालेला त्यांचा विश्वास. इंग्रजी आम्हाला कळायचं नाही, म्हणून संवाद तुम्हीच सांगायचात. रंगात आलात की थेट दखनीत: "सोना मिला तो आदमी हौला हो जाता, बेटा!" हौला म्हणजे खुळा, एवढं आम्हाला कळायचं; आम्ही माना डोलवायचो. आपण नाही बुवा असे, असं तिघांनाही वाटायचं.

मग तेराव्याला काय झालं, ऐका. पंगत उठली आणि आईमागे राहिलेल्या तिच्या सोन्याच्या पाटल्यांचा विषय निघाला. दादाने तर त्यांचं मोल करायला कोठीच्या बाजारातून सराफालाच बोलावून ठेवलं होतं. ताई म्हणाली, पाटल्या अण्णांनी मला कबूल केल्यात. दादा म्हणाला, मला. मी भडकलेच, कारण तुम्ही त्या मला कबूल केल्या होत्यात! सगळ्या पाहुण्यांसमोर मी ताईला खोटारडी म्हटलं. ती चपला घालून तशीच सिकंदराबादला निघून गेली. अजून माझा फोन उचलत नाही.

काल दादाशी पुन्हा वाजलं. तावातावाने तो म्हणाला, "दवाखान्यात अण्णांनी माझा हात धरून सांगितलं, पाटल्या तुझ्याच, माझं सगळं तूच करतोस. त्या दोघींना सांगू नकोस."

अण्णा, मलाही तुम्ही हेच म्हणाला होतात. शब्दन् शब्द!

म्हणजे आम्हा तिघांत खोटं कुणीच बोललं नव्हतं. पडद्यावरच्या माणसांना नावं ठेवता ठेवता तुम्ही घरात हे काय करून ठेवलंत? आम्ही तुमच्याकडे यायचं बंद करू, अशी भीती वाटली का? अहो, पाटल्यांसाठी येत होतो का आम्ही? पोटच्या पोरांची एवढीही खात्री नव्हती?

मीही काही कमी नाही. ताईला एका शब्दाने विचारलं नाही, सरळ तोंड सोडलं. त्याची लाज वाटते.

उद्या सकाळी मी तिच्या दारात उभी राहणार आहे. तू खरं बोलत होतीस, खोटं अण्णा बोलले, हे तिला स्वच्छ सांगणार. तुमची बाजू घेणार नाही. तुम्हाला वाईट वाटलं तरी चालेल, मला माझी बहीण हवी आहे.

तुमच्यावर चिडलेली, तरी तुमचीच,
नलू