वाचनाच्या तासाची निरवानिरव

मी, एका माध्यमिक शाळेची निवृत्त ग्रंथपाल, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर असल्याचा दाखला कोणी देत नाही, आणि आज माझ्याकडे तो मागूही नये. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. सकाळपासून तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का ते पाहायला, दोनदा उगाच. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. माझे दोन खोल्यांचे राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीला मिळावी. अट एकच : पुढची खोली दर बुधवारी दुपारी शाळेच्या मुलांना वाचायला उघडी ठेवावी.

हे कलम बहिणीला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, "ताई, अट घालणार असशील तर घर ठेव तुझ्याकडेच. जन्मभर मला धडे दिलेस, आता मेल्यावरही देणार?"

"मग मुलांनी जायचं कुठे?"

"अट न घालता मागून बघ की एकदा."

मला मागता येत नाही. अट तूर्त तशीच ठेवली आहे.

कलम २. पुढच्या खोलीतली चारशे बारा पुस्तके. ती कायद्याने माझी नाहीत, हे आज प्रथमच लिहून देते. शाळेत बुधवारी शेवटचा तास वाचनाचा असे. वेळापत्रकात तो 'रिकामा' म्हणून छापत. नववीच्या मुलांना मी सतरंजीवर बसवून वाचून दाखवी, मग एकेक जण वाची, आणि कधी एकाच पानावरून तासभर भांडण चाले. पुढे मुख्याध्यापकांनी ती खोली जादा तासांसाठी घेतली आणि पुस्तके पोत्यांत भरून जिन्याखाली टाकली. तिथे नळ गळत होता. मी चार अर्ज केले. चारही वेळा उत्तर आले, 'पाहू.' शेवटी शिपाईदादांनी आणि मी शाळा सुटल्यावर सायकलला पिशव्या अडकवून सोळा दिवसांत सगळी पुस्तके घरी आणली. याला चोरी म्हणायचे तर म्हणावे, पण त्यात दादांना गोवू नये. ते फक्त सायकल धरत होते. शाळा ज्या दिवशी बिनकुलपाची खोली आणि आठवड्याचा एक तास देईल, त्या दिवशी पुस्तके परत करावीत. आधी नाही.

कलम ३. बायंडिंगचे सामान, म्हणजे दाभण, दोऱ्याची रिळे आणि खळीचा डबा, शिपाईदादांना. भिजलेली पुस्तके त्यांनीच शिवून उभी केली. माझी शिवण वाकडी जाते.

कलम ४. मुख्याध्यापकांना, ज्यांना आम्ही शिट्टीसर म्हणत असू, माझी क्षमा मिळू नये. ते हयात आहेत. सकाळी फिरताना दिसले की मी रस्ता बदलते. पुस्तकांचे एक वेळ सोडून देईन. पण सव्वीस वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी होती. बोलताना अडखळायची, पण कपाटाआड एकटी वाचत बसली की जीभ सैल व्हायची. मी तिला वार्षिक वाचनस्पर्धेत उभे केले. भरल्या सभागृहात, दुसऱ्याच परिच्छेदात ती एका शब्दापाशी थांबली. मुले हसली. शांतता व्हावी म्हणून सरांनी शिट्टी फुंकली, त्याने हशा दुप्पट झाला. मग मी मंचावर जाऊन प्रसंग निभावून नेला. त्यानंतर ती वाचनाच्या तासाला कधी आली नाही. आज ती मागच्या गल्लीत शिवणकाम करते. मी माझे कपडे दोन बसथांबे लांब शिवायला टाकते.

इथवर लिहिले आणि खुर्चीत बसवेना. चपला अडकवल्या आणि तिच्या दुकानात गेले.

"बाई?" तिने मशीन थांबवले.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकले की माझ्यामागे पुस्तके तिने सांभाळावीत, आणि शिट्टीसरांना मी अजून माफ केलेले नाही.

"स... सरांना कशाला?" ती म्हणाली. "शिट्टी मी ऐकलीच नव्हती."

"मग?"

"तुम्ही माझ्या हातातून पु..." ती थांबली. शब्द माझ्या ओठांवर आला होता. "...पुस्तक घेतलंत. उरलेलं तुम्ही वाचलंत. छान वाचलंत. टाळ्या पडल्या." तिने हातातली कात्री खाली ठेवली. "मी अडकले होते, बाई. संपले नव्हते."

'निभावून नेला' असे वर लिहिले आहे, तो प्रसंग हा.

"चुकलं माझं," मी म्हटले. त्यापुढे 'पण' येत होते, ते गिळले.

तिने मला स्टूल दिले, पाणी दिले. "पुस्तकं नकोत मला. गिऱ्हाइकांची कापडं ठेवायलाच जागा नाही. दुसरं काही काम असेल तर सांगा."

घरी येऊन पुढील बदल केले आहेत, प्रत्येकाशेजारी सही आहे.

कलम ४ रद्द. सरांना रस्ता मोकळा. मीही आता सरळ रस्त्याने जाईन, जायला मिळाले तर.

कलम १ मधली अट खोडली. छोटे, बुधवारी पुढची खोली उघडशील का? नाही म्हणालीस तरी घर तुझेच.

वकिलांनी बजावले आहे की ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये. दादांना दाभण मिळाल्याने ते बाद झाले. माझ्या त्या विद्यार्थिनीने काहीच घेतले नाही, म्हणून तिला बोलावले. सहीआधी तिने हा कागद मोठ्याने वाचला. बराच वेळ लागला. दुसरे साक्षीदार म्हणून बोलावलेल्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. पहिल्याच परिच्छेदात 'शस्त्रक्रिया' या शब्दापाशी ती फार वेळ थांबली, आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ११ मार्च, मंगळवार

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १ : (सही) कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : (सही) शिवणकाम करणारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. वरचे सर्व मी स्वतः, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आहे.