शनवारचा घाणा

हॅरो, ८ मार्च १९८७

प्रिय सारास सुमनचा सप्रेम नमस्कार, वि. वि. इकडे सगळं खुशाल, गुडघे सोडून.

बातमी गोड आहे, सावकाश वाच. आमचा श्रीकांत मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहतोय आणि उपाध्यक्ष म्हणून त्यानं घेतलाय तुझा एलिजा. रेवदंड्याला आपण दोघी एका पाटीवर लिहायचो, आता आपली पोरं एका कागदावर छापून आली. चौथीत शाळा सुटली माझी, तरी ती दोन नावं मी चष्म्याशिवाय वाचते. तुझ्या आजोबांचा तेलाचा घाणा आठवतो का गं? शनवारी बंद, म्हणून आई मला शुक्रवारीच बाटली देऊन पिटाळायची. असो, कुठे गेले मी.

इथे जोडीनंच उभं राहायचं, दोघांना मिळून एक मत. समोर डॉक्टर माधवराव, हॅरोतले सगळे डॉक्टर त्यांच्या बाजूला. श्रीकांत आधी गणपतीसाठी हॉल बांधू म्हणून मतं मागणार होता. एलिजा आला आणि श्रीकांतनं बेतच फिरवला. आता म्हणतो, मराठी बोलेल तो आपला. तुमची लंडनमधली बेने इस्रायली घरं आणि रीडिंगची कॉम्प्युटरवाली मुलं आली की माधवरावांना हरवायला पुरे. जिंकलो की तू तुमचा तो नवसाचा मलिदा कर. पोह्यांत नारळ सैल हातानं घाल, मागच्या वेळी कंजूषपणा केलास.

हिलेलभावजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी सुमन


हेंडन, २ एप्रिल १९८७

प्रिय सुमनला साराचा शालोम आणि नमस्कार.

नारळाचा टोमणा पोचला. एलिजा रोज संध्याकाळी घरोघर हिंडतोय. मंडळाकडे कधी न फिरकलेली आमची माणसं त्याच्या शब्दावर मेंबर झाली.

पण नोटीस आली. मतदान शनिवारी, २ मेला दुपारी, आणि जोडीतला एक जरी गैरहजर असला तर दोघांची नावं बाद. सुमन, शनिवारी शब्बाथला आम्ही गाडीत बसत नाही. एलिजा श्रीकांतकडे रविवार मागणार आहे. आमच्या ह्यांनी त्याला शांतपणे सांगितलंय, शब्बाथ मोडून गेलास तर शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर घरातल्या सगळ्यांना देतो तो सरबताचा पेला तुला माझ्या हातून मिळणार नाही. हे बोलले म्हणजे बोलले, तुला ठाऊक आहे. श्रीकांत तुझं ऐकतो. तेवढं त्याच्या कानावर घाल.

आठवणीत असू दे.

तुझी सारा


हॅरो, ४ मे १९८७

प्रिय सारास सप्रेम नमस्कार, वि. वि.

जिंकलो. माझे पाय काही जमिनीवर नाहीत, गुडघेसुद्धा गप्प आहेत.

तुझं पत्र मी श्रीकांतला वाचून दाखवलं होतं हं. तो म्हणाला, आई, तारीख बदलून मागितली तर माधवराव म्हणतील, निवडून यायच्या आधीच उपाध्यक्ष मंडळ चालवायला लागला. म्हणून त्यानं पुन्हा बेत फिरवला. तुमच्या घरांचा नाद सोडून हॅरोतच दारोदार गेला. एलिजाला म्हणाला, तू एकटा ये, नुसता दारात उभा राहा, शनवारी आलास की लोकांना पटेल, हा आपल्यातलाच. आणि तसंच झालं बघ. ट्रेननं आला, नवा सूट घालून. माधवरावांच्या माणसांनीसुद्धा त्याच्याशी हात मिळवला. मी बटाटेवडा दिला, तो हातात धरूनच उभा होता. दमला असेल बिचारा. तुमचं कुणी आलं नाही, पण अडलंही नाही.

भावजींचा राग आता उतरला असेल. एक शनवार देव समजून घेतो. मलिद्याला कधी येऊ?

लोभ आहेच, त्यात थोडी भर घाल.

तुझी सुमन


हेंडन, १० मे १९८७

सुमनला नमस्कार.

शुक्रवारी ह्यांनी पेला भरला. आधी स्वतः प्याले, मग मला दिला, मग लेकीला, सिमाला. एलिजा हात पुढे करून उभा होता. ह्यांनी उरलेलं सरबत मोरीत ओतलं आणि पेला उपडा घातला. मतं मागताना ज्या घरांत तो चहा प्यायला, तिथेही आता त्याला दार उघडत नाहीत. मेडनहेडला खोली बघतोय.

तुझं पहिलं पत्र काढून वाचलं. घाणा तुला आठवत होता. बाटली घेऊन शुक्रवारी यायचीस, तेही आठवत होतं.

मलिदा केला नाही. नारळ आणून ठेवला होता, तो तसाच आहे. येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. आलीस तर शनिवारी येऊ नकोस.

सारा