दत्तूच्या नावाचं पाणी

१४ जुलै १९५७
उज्जैनला पोचलो एकदाचे! मॉरिशसहून बोटीने मुंबई, तिथून गाड्या बदलत इथे. दत्तू, म्हणजे आमच्याच गावचा दत्तात्रय, टांग्याच्या घोड्याशीसुद्धा हिंदीत बोलत होता. दोघेही शिष्यवृत्तीवर संस्कृत शिकायला आलो आहोत. आमचे पणजोबा उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेले. त्यानंतर आमच्या घरांतून हिंदुस्थानात परत पाऊल टाकणारे आम्हीच पहिले.

माधवनगरात भय्यासाहेबांच्या माडीवर खोली मिळाली. ते ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत होते. पुढे संस्थान गेलं, मध्यभारत आला, आणि गेल्या वर्षी त्याचाही मध्यप्रदेश झाला. खुर्ची तीच राहिली, ऊपरवाले तेवढे बदलत गेले, असं ते मजेत सांगतात. त्यांच्या पत्नी अहल्याकाकूंनी आग्रह करकरून जेवायला घातलं. आमची मराठी ऐकून त्या पदराआड हसतात. त्यांची स्वतःची अर्धी हिंदी आहे, पण ते त्यांच्या गावीही नाही.

११ ऑगस्ट
आम्हाला संस्कृत शिकवणारे शास्त्रीजी माझ्यावर खूश आहेत. दत्तू अजून पहिल्या पाठात अडकलाय. मी रोज त्याला टोकतो, तो हसतो आणि पुन्हा चुकतो. शहर मात्र त्याचं झालंय. टावर चौकातला पोहेवाला त्याला नावाने हाक मारतो, काकू त्याच्यासाठी साय बाजूला काढून ठेवतात. मी कोण? तर दत्तूबरोबरचा तो दुसरा. मधुकर हे नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

हेवा वाटतो, झालं. लिहिलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

२२ सप्टेंबर
रविवार म्हणून भैरवगढला कापडावरचं छापकाम बघायला गेलो. दत्तू तिथेच रमला, बाह्या सरसावून कारागिरांबरोबर ठसे मारत बसला. मी कंटाळून एकटाच पुढे सिद्धवटाच्या घाटावर गेलो. पितृपक्ष संपत आलेला, क्षिप्रेच्या काठी ही गर्दी. एक गुरुजी लोकांकडून तर्पण करून घेत होते. ज्या भाषेसाठी मी समुद्र ओलांडला ती इथे माणसं पाण्यात उभी राहून बोलत होती. मलाही बोलायचं होतं.

गुरुजींनी विचारलं, वडील आहेत का. आहेत म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. वडील हयात असणाऱ्याने तर्पण करायचं नसतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, मित्रासाठी करायचंय, परदेशात वारला, त्याच्यामागे कोणी नाही. मित्राला पाणी देता येतं, म्हणाले. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणा. नाव?

मी दत्तूचं नाव सांगितलं.

दुसरं नाव सुचलं नसतं असं नाही. मला तेच घ्यायचं होतं. काळे तीळ घालून तीन ओंजळी सोडल्या. उच्चार फार शुद्ध, असं गुरुजी म्हणाले, आणि मी तेवढ्यावर दिवसभर खूश होतो.

२४ सप्टेंबर
दत्तूची तहान भागत नाही. तांब्यामागून तांब्या रिकामा करतो. काकूंनी माठ पुन्हा भरला. डॉक्टरांना काही सापडलं नाही, उन्हाचं असेल म्हणून पुड्या दिल्या. पाणी तोंडात असतं तेवढंच, घशाखाली काही जातच नाही, असं तो म्हणतो. ओठांना भेगा पडल्यात.

२९ सप्टेंबर
पोहेवाल्याने एकच बशी पुढे केली. दत्तूने आपली मागितली. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, और कुछ? दत्तूला ती चेष्टा वाटली. घरी आलो तर काकूंनी एकच पान मांडलेलं. मी दत्तूचं नाव काढलं तेव्हा त्या कितीतरी वेळ आठवत राहिल्या. मग ओशाळल्या आणि दुसरं पान घेतलं.

हे मी केलंय. मीच.

३ ऑक्टोबर
दुपारी तो अंथरुणात पाणी, पाणी करत तळमळत होता. राहवलं नाही. परात घेतली, ओंजळीत पाणी, तीळ, त्याचं नाव, गोत्र. सोडलं. त्याने डोळे उघडले आणि तृप्त माणसासारखा म्हणाला, "आत्ता कुठे पाणी मिळालं."

संध्याकाळी काकूंनी त्याचे वाळत घातलेले सदरे बोहारणीला देऊन टाकले. कोणाचे होते कोण जाणे, म्हणाल्या.

पाणी दिलं की तो पुसला जातो. नाही दिलं की तडफडतो. देव मला कधी क्षमा करणार नाही, आणि करूही नये.

६ ऑक्टोबर
भय्यासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. म्हणाले, "हे पाणी परत नाही घेता येत, बेटा. ज्याला दिलं, त्याने आपल्या हाताने देणाऱ्याच्या नावाने सोडलं, तरच तो सुटेल." मग मायेने माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, पण तुझा मित्र तर वारला ना? तो कसा देईल?

८ ऑक्टोबर
दत्तूला सांगितलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "माझंच नाव का घेतलंस, मधू?"

भय्यासाहेबांनी सांगितलेला उपायही सांगितला. तुझ्या नावाने सोडलं तर तू पुसला जाशील, मी नाही सोडणार, म्हणाला. अजून माझीच काळजी –

११ ऑक्टोबर
तहानेपुढे त्याचा निश्चय टिकला नाही. सकाळी स्वतःच परात मागितली. रडत होता, पण डोळ्यांत पाणीच नाही –

मी म्हणालो, तीळ संपले. तिळाशिवाय पोचत नाही.

डबी माझ्या पेटीत आहे. भरलेली. मला भीती वाटते. तो विश्वास ठेवून पुन्हा आडवा झाला.

१२ ऑक्टोबर
तो आता बोलत नाही. जीभ आत वळलीय. शास्त्रीजींना त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, तू एकटाच आला होतास ना –

त्याची आई बंदरावर माझा हात धरून म्हणाली होती, तू आहेस म्हणून याला पाठवते. मी आहे म्हणून –

डबी पेटीतच.

१३ ऑक्टोबर
तीळ दिले. परात त्याच्यापुढे ठेवली. ओंजळ उचलेना त्याला. मीच मनगट धरलं, शब्द सांगितले. काश्यपगोत्रं मधुकरं – कसंबसं म्हणाला –

पहिली ओंजळ. त्याच्या ओठांवर रंग येतोय.

दुसरी. काकू खालून हाक मारतायत, दत्तू, चल, पान वाढलंय. दत्तू! त्याचं नाव घेतलं त्यांनी. एकच पान वाढलंय म्हणाल्या –

तो थांबलाय. तिसरी ओंजळ तशीच धरून माझ्याकडे बघतोय. मान हलवतोय, नाही, नाही. मी म्हणालो, सोड. तांब्या माझ्याजवळ आहे, आताच प्यालो, दोन्ही तांबे, पण घसा कोरडाच – सोड दत्तू, तू –