ब्याण्णव पावलं

बाबा, डहाळ्यांची ती रास तुम्ही हलवली होती, हे मी काल सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

पोर्तुगीज शिपायांनी पत्रकं वाटणाऱ्या पेडण्याच्या माणसाला आपल्या गावात गोळी घातली, त्या जागेवरून जाताना हिरवी डहाळी टाकायची, हे तुम्हीच शिकवलंत. शाळेच्या आधी अक्षरं आणि पाढे शिकवलेत तसंच. पुढे खाणीच्या ट्रकांसाठी नवा रस्ता झाला आणि जुनी वाट काजूंत बुडाली. मी आठ वर्षांची. तुम्ही टोपलीतून ती रास नव्या रस्त्याच्या कडेला आणताय, मी मागून येतेय. "वाटेर कोण ना जाल्यार तेका डहाळी कोण घालतलो? एकटो पडतलो तो," तुम्ही म्हणता. मग जुन्या जागेवरून ओहोळाकडे पाठ करून सरळ रस्त्यापर्यंत पावलं टाकता आणि मला मोजायला लावता. मध्येच ट्रक जातो, लाल धूळ उडते, माझा आकडा हरवतो. कधी आवाज न चढवणारे तुम्ही ओरडता, "अंदाजान आंकडो सांगपाचो न्हय!" पुन्हा पहिल्यापासून. ब्याण्णव. "उगडास दवर," लक्षात ठेव म्हणालात, आणि पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून मला मोजपट्टी आणून दिलीत. तिने मी अंगणात तुमच्या एका पावलाचं अंतर मोजलं होतं. तो आकडा अजून वहीत आहे. मला तेव्हा वाटलं, तुम्ही मला गणित शिकवताय.

आता पंचायत तिथे दगड बसवणार आहे. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. काल रस्त्याच्या कडेला, त्या राशीजवळ, खड्डा खणायला माणसं आली आणि गोळी घातलेल्या त्या माणसाची मुलगी पेडण्याहून आली. सत्तरी उलटलेली. बाप गेला तेव्हा पाळण्यात होती. तिने माझा हात धरला. "म्हाज्या बापायक हांगाच मारलो मगो, बाय?" मला हो म्हणता आलं नाही; रास तुम्ही हलवल्याचं सांगून टाकलं. सरपंच हसले, "मास्तरान जागो हालयलो? आनी आमी इतलीं वर्सां रस्त्याक पाया पडटात?" म्हातारी मात्र हसली नाही. "बरें केलें तुज्या बापायन. म्हाज्या बापायक सांगात दिलो, एकटो पडूंक दिलो ना," ती म्हणाली आणि पदर खोचून काजूंत शिरली.

वहीतला आकडा ब्याण्णवने गुणून मी पट्टी धरत ओहोळाच्या दिशेने गेले. जिथे मोजणी संपली तिथे ती खाली बसली, वाळकी पानं बाजूला केली आणि उघड्या मातीवर बराच वेळ तळवा टेकून राहिली. मी कागदावर लिहिलं होतं, 'सुमारे याच ठिकाणी'. सरपंचांनी तो शब्द खोडला. "फातरार सुमारे कोरतात गो?" मी वाद घातला नाही. तिचा तळवा अजून मातीवरच होता.

बाबा, त्या सकाळी दुसऱ्या खेपेलाही ट्रक आला होता. तुमचं लक्ष पावलांकडे होतं. सत्तरच्या पुढे कुठेतरी माझा आकडा पुन्हा हरवला, आणि तुम्ही थांबून माझ्याकडे वळलात तेव्हा भीतीने जो तोंडात आला तो मी सांगितला. ब्याण्णव.