तेविसावा दिवस

६ नोव्हेंबर, ऊर्जानगर

खात्यात ३,१०,००० जमा. एकूण १२,४०,५५०. लागतात १२,४०,०००. फी कर्जातून जाईल. राहण्याखाण्याची ही रक्कम मात्र ब्रिटनच्या व्हिसासाठी माझ्या खात्यात सलग अठ्ठावीस दिवस दिसली पाहिजे. एक दिवस जरी कमी झाली, तर मोजणी पहिल्यापासून.

बाबा फोनवर म्हणाले, "मामानं देल्ले. तू हिशेब नको करू." मी हिशेबच करते. पण विचारलं नाही.

दिवस १.

१२ नोव्हेंबर

दिवस ७. वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत बॉयलरच्या पाण्याचे अकरा नमुने. सगळे मर्यादेत. शेजारच्या टेबलावरून जया म्हणाली, "तिकीट काढलं का?" वर्ग २६ जानेवारीला सुरू होतात, एवढंच सांगितलं.

२२ नोव्हेंबर, गावी

दिवस १७. चिमूरहून शेवटच्या बसने घरी. बाबा मच्छीमार संस्थेचे सचिव, त्यामुळे तिचे कागद आमच्याच कपाटात. माझा जन्मदाखला शोधताना संस्थेचं पासबुक हाती लागलं.

५ नोव्हेंबर. काढले: ३,१०,०००. शिल्लक: २,१४०.

ही तलावांच्या ठेक्याची रक्कम. भरायची शेवटची तारीख २८ नोव्हेंबर — माझा तेविसावा दिवस! नाही भरली तर चारही तलाव लिलावात जातील. एकेचाळीस घरं त्यावर जगतात, आमचं धरून.

बाबा ओसरीत जाळं सांधत बसले होते. विचारायला हवं होतं. पासबुक होतं तसं ठेवलं.

२३ नोव्हेंबर

संस्थेच्या अध्यक्ष रंभाबाई वाटेत भेटल्या. "काय व, इंग्लंडवाली! वाळली व पार. तिथी कोयशाची धूळच खातं का?" सुक्या झिंग्यांची पिशवी हातात कोंबली. नको म्हटलं.

"घे व! तुले घेताच येत नाई काई."

त्यांच्या डोळ्यांकडे पाहता आलं नाही.

२६ नोव्हेंबर, ऊर्जानगर

दिवस २१. पिशवी उघडलेली नाही.

बाबांनी चोरी केली, माझ्यासाठी. हे वाक्य लिहून पाहिलं. खोडणार नाही.

आज गप्प राहिले तर सात दिवसांत काम होतं. त्या सात दिवसांत तलाव जातात.

२८ नोव्हेंबर

दिवस २३. सकाळी १०.१२ ला संस्थेच्या खात्यात ३,१०,००० पाठवले. बाबांना एक ओळ — "ठेका भरा." माझी शिल्लक ९,३०,५५०. पाच दिवस कमी पडले. बस्स.

२८ नोव्हेंबर, दुपारी

बाबांचा फोन. "काऊन केलं तू हे?"

"पासबुक पाह्यलं मी."

"मंग मले विचारलं काऊन नाई? चेकवर एकट्या माही सही चालते का? रंभाबाईची बी लागते."

लागते. मला माहीत होतं! बारावीत असताना ते चेक मीच लिहून द्यायची.

पैसे मला द्यायचे म्हणून दोन तारखेला संस्थेची सभा झाली होती. एकेचाळीस सह्या आणि अंगठे. मला सांगायचं नाही, हेही तिथेच ठरलेलं. "तू घेतले नसते. म्हणून मामाचं नाव सांगतलं."

आणि ठेका? कालच भरला. या आठवड्यात चारही तलावांत जाळी टाकली. मासे तीनशे ग्रॅमचेच, तरी विकले. होळीपर्यंत किलोचे झाले असते. गावातला म्हातारा कोलू म्हणे सगळ्यांत आधी पाण्यात उतरला — "पोरीचे दिवस तुटले नाई पायजे."

ते मी तोडले.

मग फोनवर रंभाबाई. "शिकून येडी झाली व तू!" हसायला लागल्या. हसणं मध्येच थांबलं. "आमाले चोर समजली, का तुह्या बापाले, मनसारामले?"

मी फोन ठेवला. तेच उत्तर झालं.

३० नोव्हेंबर

बाबांना फोन केला. चार मिनिटं. "माफ करा" म्हणायला साडेतीन लागली.

१ डिसेंबर

३,१०,००० जमा. पाठवणार: मच्छीमार संस्था. या वेळी नाव लपवलेलं नाही.

अठ्ठावीस दिवस २८ डिसेंबरला भरतील. पुढे व्हिसाला तीन आठवडे, म्हणजे १८ जानेवारी. बसतं.

रंभाबाईंना फोन केला. "घेते," म्हटलं.

दिवस १.