डॉक्टरांनी सांगितलेलं घोडं

अहो,

आज इथे लेकीकडे आधी पाद्रीबाईच आल्या, चिखलाच्या बुटांनी थेट चुलीपाशी! मागून पाद्रीबुवा, हातात एडिनबराच्या डॉक्टरांचं उत्तर. माझा खोकला बुवांनीच त्यांना लिहून कळवला होता. मला न बघताच डॉक्टर लिहितात, औषधं पुरे, रोज घोड्यावर बसून लांब फिरून या.

"आई, असल्या खोकल्यात घोडं?" मरियन रडवेली झाली. तिचं बाळंतपण उरकलं तरी लेक मला आपल्या घरी सोडत नव्हती. मी म्हटलं, "पोरी, फिरायचंच तर तुझ्या बापाकडे जाते की!" बुवा पोट धरून हसले.

नातवानं बाळसं धरलंय, पण तुमच्यावाचून घास गोड लागत नाही. खोकला कमीच आहे म्हणायचा. तुम्ही लापशी अजून करपवता का?

मंगळवारी बुवा नि बाई दोघं घोडं घेऊन परत येतो म्हणालेत.

तुमची ग्रिझेल