चहाच्या गिलासाचं तळं

गेवराई,
शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६

प्रिय उज्मे,

तुला माझा जय भीम आणि सलाम, दोन्ही. कुठलं आधी लिहायचं यावरून शाळेत आपण भांडायचो, म्हणून या वेळी सरळ नाणं उडवलं.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुर करतात, तरी भाजी आणायला तीच जाते, कारण मी निवडलेली मेथी तिला कधीच पसंत पडत नाही. माझे कॉम्प्युटरचे क्लास ठीक चाललेत. आपल्या शाळेला नवा रंग दिलाय, पिस्ता कलर, बघवत नाही. रमजान तोंडावर आलाय, तू या वर्षी तरी ईदला येशील असं खाला, तुझी अम्मी, प्रत्येकाला सांगत सुटलीय. तुझी तब्येत कशी आहे? जेवतेस ना वेळेवर?

झालं. क्षेमकुशल संपलं, आता लिहायला काही आडोसा उरला नाही.

कागदावर का लिहितेय ते सांगते. एक तर तू मला फोनवर ब्लॉक केलंयस. दुसरं म्हणजे अर्जुनराव वकिलांची सक्त ताकीद आहे की या प्रकरणात कुणालाही एकही मेसेज पाठवायचा नाही. कागदाबद्दल ते काही बोललेले नाहीत.

हो, तुमच्या हैदराबादच्या कंपनीला नोटीस मीच पाठवली. तुला हे माहीतच आहे, पण माझ्या हातानं एकदा लिहायला हवं होतं.

नोव्हेंबरमध्ये तुमच्या सिनेमाचा टीजर आला तेव्हा मी क्लासमध्ये होते. पोरांनीच दाखवला. "मॅडम, तुमचा गेम पिक्चरमधी आला!" नदीच्या पात्रातून वाळूचा घोळदार घागरा घातलेली बाई उठते, गावाकडे चालायला लागते, आणि दारातली म्हातारी तिला आधी भाकरीचा तुकडा देते. माझ्या 'वाळूबाई' गेमची पहिली पातळी जशीच्या तशी. चार वर्षं मी त्यावर डोळे फोडले होते. शेवटी नावं आली, त्यात बारीक अक्षरात तुझं नाव. चित्रकल्पना, उज्मा. पोरं टाळ्या वाजवत होती आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी होते.

लई राग आला होता गं. आजही थोडा आहे. तू मला विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? हे बोलून घेते, नाहीतर पोटात राहील आणि पुढच्या भांडणात निघेल.

अर्जुनरावांकडे गेले. त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले. एक माझ्या गेमचा नकाशा, दुसरा टीजरमधला तुमचा नकाशा. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ताई, नदी उठून चालती ही कल्पना हाय. कल्पनेवर कुनाची मालकी न्हाई. ती कागदावर कशी उतरवली, त्याच्यावर हाय." म्हणजे केस काही भक्कम नव्हती. मग त्यांचं बोट नकाशाच्या वरच्या कोपऱ्यावर थांबलं. दोन्हीकडे एक तळं, त्याच जागी, अगदी गोल, फक्त डावीकडे अर्धं बोट तुटलेलं. भोवती कमळं. अर्जुनराव खुर्चीतून उठलेच. "हे कुनाला योगायोगानं सुचत नसतंय! हे तळं कुनी काढलं?"

मी म्हटलं, "मी."

उज्मे, तुला ते तळं आठवतं ना? आठवीतली दिवाळीची सुट्टी. तुमच्या ओट्यावर आपल्या वहीतला नकाशा पसरलेला. खाला गोधडी शिवता शिवता वाळूबाईची गोष्ट सांगत होती आणि बोलण्याच्या भरात तिनं चहाचा गिलास बरोब्बर नकाशावर ठेवला. उचलला तेव्हा खाली गोल डाग. तू अशी भोकाड पसरून रडलीस की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. तुला गप्प करायला मी म्हटलं, अगं डाग नाही तो, तळं आहे. तू नाक पुसलंस आणि कमळं काढायला बसलीस.

सोळा वर्षांनी एक वकील त्या डागाला पुरावा म्हणत होता, आणि मी मान डोलावत होते. पुरावा म्हणून त्यांनी जुनी वही मागितली. मी वहीचे फोटो पाठवले. ती वही माझ्याकडे आहे. या वहीबद्दल पुढे लिहिते. जरा थांब, पाणी पिऊन येते.

तर कंपनीचं उत्तर आलं की आमच्या कलाकाराकडून आम्ही लेखी खुलासा मागवला आहे. माझ्या डोक्यात तेव्हा कंपनी म्हणजे कंपनी होती. काचेची मोठी इमारत, टाय लावलेले लोक. 'आमची कलाकार' म्हणजे तू, हे मला समजत नव्हतं असं नाही. मी ते समजून घेत नव्हते.

गेल्या आठवड्यात खालानं निरोप धाडला, गोधडीत दोरा ओवायला ये, डोळ्यांना दिसत नाही. कितीतरी महिन्यांनी गेले. ओटा तसाच आहे. तुझे रईसभाई गॅरेजला गेले होते, घरात ती एकटी. मधोमध मोठी गोधडी पसरलेली, हिरवी-जांभळी, मधे तुझ्या जुन्या युनिफॉर्मचा निळा तुकडा.

"कावून उबी हायस? बस बेटा," म्हणाली. "ही उज्माला धाडायचीय. पोरगी लई घाबरलीय तिकडं. कामावरून घरी बसवलंय तिला. कुन्या मुडद्यानं कागद धाडला म्हने, तिनं चित्र चोरलं म्हनून. माझी उज्मा चोरी करंल का गं? तूच सांग, तुज्याशिवाय कोन वळखतं तिला?"

आणि माझ्यापुढे चहाचा गिलास ठेवला.

मला तो उचलवेना. सुईत दोरा ओवला, दुसऱ्या सुईत ओवला, तिसरी सुई नव्हती. शेवटी म्हटलं, "खाला, तो मुडदा मी आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सुई गोधडीत टोचून ठेवत म्हणाली, "दाव बरं. काय हाय ते चित्र, मला बी दाव."

मी फोनवर गेम लावला. तिच्या बटणांच्या फोनवर तो कधी चाललाच नसता, म्हणून तिनं पाहिलेला नव्हता. असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मी तो तिला दाखवायला कधी गेलेच नव्हते. खालानं फोन दूर धरून नकाशा बघितला आणि खुदकन हसली. "हा तर माझ्या चाहाचा डाग हाय! लई रडलती उज्मा." मग वाळूबाई दिसली. खाला पदराच्या टोकानं फोनची काच पुसत राहिली. तिच्या नानीनं सांगितलेली गोष्ट अशी चालतीबोलती ती पहिल्यांदा बघत होती.

पुढे लढाई आली. माझ्या गेममध्ये शेवटी भाले घेऊन वाळूबाईला परत नदीत ढकलायचं असतं. मी तुमचाही टीजर लावला. त्यात तिला साखळ्या घालतात.

खालाचा चेहरा उतरला. "ही लढाई कुनी लावली? गोष्टीत लढाई न्हवतीच."

"मग काय होतं शेवटी?"

"तुमी दोगी कवा ऐकलाय शेवट? बाई नदीतून उठली की तुमी वही घिऊन पळायच्या. आता भांडता तुमी, आन मारता माझ्या बाईला."

उज्मे, खरंच की. आपण एकदाही शेवटपर्यंत बसलो नाही.

मग तिनं सांगितलं. लोकांनी टोपल्या भरभरून घागरा नेला, म्हणून वाळूबाईला थंडी वाजते. ती गावोगाव आपली वाळू मागत फिरते. तिला आधी भाकरीचा तुकडा द्यायचा, कारण उपाशी माणसाला विचारू नये. एवढं आपल्याला माहीत होतं. पुढचं हे: वाळू कुणीच परत देऊ शकत नाही, ती घरांच्या भिंतींत गेलेली. मग गंगाकाठच्या, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या, सगळ्या बायका घरातलं एकेक फडकं आणतात आणि मिळून तिला गोधडी शिवतात. मधे भाकरीचा तुकडा शिवतात, उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणून. ती पांघरून वाळूबाई पात्रात जाऊन झोपते. "म्हनून उन्हाळ्यात गंगा निजलेली दिसती," खाला म्हणाली, आणि तुझ्या गोधडीच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवून टाका घातला.

मी तिथे बसून रडले. समोरच्या घरातले लोक बाहेर आले की नाही, बघितलं नाही.

आता वही. तू हैदराबादला निघालीस तेव्हा अख्खं घर उलथंपालथं करून ती शोधलीस. मीही तुझ्याबरोबर शोधली. ती तेव्हा माझ्या दप्तरात होती. आपण दोघींनी मिळून गेम करायचं ठरलं होतं आणि तू नोकरी धरून चाललीस, म्हणून मी ती दिली नाही. मग एकटीनं गेम केला आणि नावही एकटीचं लावलं. तुझा मेसेज आला होता, "डाउनलोड केला. छान झालाय. माझं नाव कुठं दिसलं नाही." तो मी वाचला, आणि वाचला हे तुला कळू दिलं. उत्तर दिलं नाही. अर्जुनरावांना वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला, तेव्हा तुझ्या नावावर अंगठा ठेवून काढला. अंगठा मुद्दाम ठेवला, हेही लिहिते. तू विचारलं नाहीस म्हणून मी तुला चोर ठरवायला निघाले होते. मी कुणाला विचारलं होतं?

सोमवारी शपथपत्रावर सही करायची होती, की वाळूबाईची ही सगळी दुनिया एकट्या माझ्या डोक्यातून आली. काल जाऊन सांगितलं की मी सही करणार नाही. पहिल्या पानाचा दुसरा फोटो दिला, अंगठ्याशिवायचा. अर्जुनरावांनी शपथपत्र फायलीतून काढून बाजूला ठेवलं. "ताई, निदान वही तरी संबाळा. ती गेली तर तुमच्या हातात काय बी ऱ्हात न्हाई." मी हो म्हटलं. नोटीस मागे घेतल्याचं पत्र त्यांनी माझ्यासमोर तुमच्या कंपनीला पाठवलं. त्यात मी स्पष्ट लिहायला लावलंय की गोष्ट खालाची, म्हणजे जुलेखा यांची, चित्रं उज्माची, आणि दोघींनी लहानपणी मिळून केलेल्या एकाच वहीतून गेमही निघाला आणि सिनेमाही. गेमच्या पहिल्या पडद्यावर कालपासून तीन नावं आहेत. खाला म्हणत होती तिच्या नानीचंही टाक, तेही टाकलंय. लढाई काढायला मात्र दोन-तीन महिने लागतील. खेळणाऱ्यांना आता फडकी गोळा करायची आहेत, त्याची एक कच्ची पातळी क्लासच्या पोरांना खेळायला दिलीय. पोरं म्हणतात, मॅडम, ह्यात मारामारीच न्हाई? पण क्लासमधली एक पोरगी त्याच पातळीवर दोन दिवस अडून बसलीय, तिला तिच्या आजीच्या लुगड्याचं ठिगळ हवंय.

तुमच्या लोकांना शेवट सांगून बघ. सिनेमा यायला अजून वेळ आहे, साखळ्या काढता येतील. खालाचं नाव लावायला सांग. नाही लावलं, तर मी भांडायला येते, पण या वेळी तुझ्या बाजूनं.

हे पत्र गोधडीच्या घडीत ठेवतेय. उद्या रईसभाई बीडला जाऊन ट्रॅव्हल्सवर देतील. गोधडी नीट उलगड, कारण आत वहीसुद्धा आहे. फोटोकॉपी नाही, तीच. खुलाशासोबत कंपनीला दाखव, म्हणजे तू चोरी केली नाहीस हे कुणालाही दिसेल. आणि तुला वाटलं की खरी चोर मी आहे, तर तेही त्याच वहीतून सिद्ध होईल. तू ठरव. माझी काही तक्रार राहणार नाही.

पहिलं पान उघडशील तेव्हा तुझ्या तिरक्या अक्षरात दिसेल: "ही वही उज्माची आहे. पंचशीलाला वाचायला आणि लिहायला दिली आहे. हरवली तर जन्माची कट्टी."

उज्मे, वही हरवली नव्हती. आपल्याच नियमानं ही कट्टी लागू होत नाही.

वाचायला आणि लिहायला दिलेली वही सोळा वर्षांनी परत करणारी,
तुझी
पंचशीला